तहानलेला खडा

खडा हातात आला की घडीवाले काका तो आधी जिभेला लावायचे. मग तो नव्या नवरीच्या नथीतला असो की कुणाच्या स्वर्गवासी सासऱ्याच्या अंगठीतला. समोर बाई असली तर तोंडाला पदर लावायची, पुरुष असला तर दुसरीकडे पाहायचा. काका डोळे मिटून थांबायचे, वरणात मीठ बरोबर पडलं का ते पाहावं तसे, आणि मग खडा सदऱ्याच्या टोकाला पुसून निकाल द्यायचे.

"काच हाय."

किंवा, "पत्थर हाय."

त्यावर अपील नसायचं. काच जिभेला कोमट लागते आणि खरा दगड गार लागतो, हे त्यांचं सगळं शास्त्र. मी तेव्हा पांढुर्ण्याहून रोज गाडीनं जाऊन तिगावच्या शाळेत विज्ञान शिकवत होते आणि असल्या गावठी शास्त्रावर हसायचा मला पगारी हक्क आहे असं समजत होते. एकदा घरी येऊन मी बाटलीची फुटकी काच आणि अंगणातली गारगोटी, दोन्ही स्वच्छ धुऊन जिभेला लावून पाहिल्या. माणूस बरोबर होता. हे मी त्यांना कधी सांगितलं नाही.

तुमच्याही गावात असा एखादा कारागीर असेल. त्याचा हात सगळं गाव ओळखतं, पण नाव विचारलं तर लोक जरा आठवून सांगतात. काकांचंही तसंच होतं. पांढुर्ण्याच्या सराफ्यात दोन दुकानांच्या मधे त्यांची लाकडी टपरी होती, एका माणसाला मांडी घालून बसता येईल एवढी. वर बुद्धाची तसबीर, समोर काचेच्या पेटीत बंद पडलेली घड्याळं. घड्याळं ही नुसती पाटी. खरं काम सोनारांचे खडे बसवायचं. तरुणपणी ते सौंसरकडे मँगनीजच्या खाणीत धोंडे निवडायला होते, तिथं दगडाची नजर आली. पुढे नागपुरात इतवारीतल्या एका म्हाताऱ्या कारागिराकडे राहून हात बसला. उजव्या डोळ्याला भिंग लावलं की ते जगाला डाव्या डोळ्यानं उत्तरं द्यायचे.

माझी आणि त्यांची ओळख घड्याळामुळे झाली. माझं घड्याळ रोज दहा मिनिटं मागे पडायचं आणि सकाळची पॅसेंजर माझ्या डोळ्यांदेखत निघून जायची. काकांनी ते ठेवून घेतलं. चार दिवसांनी गेले, झालं नव्हतं. आठ दिवसांनी गेले, तरी नव्हतं.

"काका, माझी गाडी चुकून राहिली रोज!"

"घाई कायची बाई? दगडाले कुठी जाचं हाय?"

"दगड कुठला? घड्याळ दिलंय मी!"

"तेच ते." भिंग न काढता ते म्हणाले, "तिगावले गाडी तरी टाइमावर कवा येते?"

घड्याळ दुरुस्त करणाऱ्या माणसाला वेळेची इतकी बेफिकिरी मी दुसरीकडे पाहिली नाही. पण बाराव्या दिवशी घड्याळ मिळालं, ते पुढे कितीतरी वर्षं सेकंदानं हललं नाही. तेव्हापासून दुपारी स्टेशनवरून घरी येताना टपरीशी पाच मिनिटं थांबायची मला सवय लागली.

हिरा, माणिक, पुष्कराज यांच्यात त्यांचा जीव नव्हता. जीव होता तो ओपलवर. जयपूरचा एक व्यापारी वर्षातून दोनदा सराफ्यात यायचा. त्याच्या पुडीत एखाददुसरा ओपल असायचाच, कारण ज्यांना शुक्रासाठी हिरा झेपत नाही ते ओपल घालतात. असा खडा बसवायला आला की काका मला लांबूनच हात करायचे.

"या, पाहून घ्या. मंग कोनाच्या बोटात गेल्यावर थोडाच भेटते!"

पहिल्यांदा पाहिला तेव्हा माझी निराशाच झाली. वाटाण्याएवढा पांढुरका दगड, साय धरलेल्या दुधासारखा. काकांनी तो चिमट्यात धरून उन्हात जरासा फिरवला आणि आतून हिरवा निखारा पेटला. आणखी फिरवला तर लाल. मग निळा, आणि निळ्यात पुन्हा कुठेतरी नारिंगी. मी खाली बसले. बाजाराची पिशवी हातातच राहिली.

"हिरा उजेड फेकते," काका म्हणाले. "हा उजेड फोडते."

ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटात जमिनीला भोकं पाडून तो काढतात, मेक्सिकोतही निघतो, जुन्या काळी युरोपातून यायचा, हे सगळं ते शेजारच्या वाडीची गोष्ट सांगावी तसं सांगायचे. स्वतः उत्तरेला इटारसीच्या आणि दक्षिणेला नागपूरच्या पलीकडे गेलेले नव्हते. ओपलला ते 'पाण्याचा पत्थर' म्हणायचे, कारण त्याच्या पोटात पाणी असतं. म्हणून त्याला आच लावायची नाही, आच लागली की तडकतो. सोनारानं अंगठी पूर्ण घडवायची, थंड करायची, आणि मगच खडा काकांकडे द्यायचा. तो हिऱ्यासारखा टणकही नाही, साध्या धुळीनंसुद्धा पुसताना चरे पडतात. म्हणून इतर खडे डब्यात आणि ओपल तेवढा सरकी काढलेल्या कापसात. सोनार वैतागायचे. काका त्यांनाही दगडाला कुठे जायचं आहे ते विचारायचे.

एकदा माझ्या वर्गातल्या एका मुलीनं वडिलांच्या विहिरीच्या खोदकामात सापडलेला पांढरा गोटा आणून दिला. आमच्याकडच्या काळ्या मातीत असले गोटे खूप निघतात. मी तो गंमत म्हणून काकांना नेऊन दाखवला. त्यांनी जिभेला लावला.

"हा बी ओपलच हाय."

"काहीतरीच! मग रंग कुठे आहेत?"

काकांनी भिंग काढून ठेवलं. ते क्वचितच काढायचे.

"संत्र्याचा माल लावताना पाह्यला ना तुमी? एका नंबरचे फळ निवडते अन् थरावर थर लावते. सारे फळ बराबर, तं मधल्या फटी बी बराबर. तसे याच्या पोटात बारीक बारीक गोळे असते, डोळ्याले दिसत नाही इतले बारीक. ज्या पत्थरात सारे एका नंबरचे, त्याच्या फटीतून उजेड निंगताना रंग घेऊन निंगते. अन् या तुमच्या गोट्यात लहान-मोठा सारा माल एकातच कोंबला हाय. उजेड आत जाते अन् तिथंच हरपते."

"हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"खानीतल्या साहेबानं. त्यायनं मशीनीतून काढलेला फोटो दाखवला होता मले. एकदम संत्र्याची रास!"

मी बी.एस्सी. झालेली. मला हे कुणी शिकवलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी ते जसंच्या तसं वर्गात सांगितलं, आणि फळ्यावर संत्री काढली.

आता आमच्या घरच्या खड्याकडे येते. त्या आठवड्याबद्दल मला अजूनही थोडी लाज वाटते, आणि ती वाटावी अशीच आहे.

मी पंचविशी ओलांडली होती आणि तीन स्थळं येऊन चहा-पोहे खाऊन गेली होती. मला त्याचं विशेष काही नव्हतं, आईला मात्र अन्न गोड लागत नव्हतं. सौंसरच्या एका गुरुजींनी पत्रिका पाहून सांगितलं की शुक्र दुबळा आहे. चांदीत ओपल घडवा, आदल्या रात्री कच्च्या दुधात ठेवा आणि शुक्रवारी पहाटे मुलीच्या बोटात घाला. वडिलांचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता आणि आईच्या रडण्यावर होता. त्यांनी सराफ्यातल्या शेठजींकडून खडा घेतला आणि बसवायला काकांकडे दिला.

काकांनी तो खडा चिमट्यात धरून चहूबाजूंनी उन्हात फिरवला. मग म्हणाले, "बाई, असा मी जिंदगीत दोनदाच पाह्यला."

"पण तुम्ही तर ग्रह मानत नाही."

"आमच्यात नाही मानत. पन खडा बसवाचा तं सरळच बसवा लागते."

बुधवारी आई जाऊन अंगठी घेऊन आली. मी शाळेत होते. शुक्रवारी पहाटे तिनं मला न्हाऊ घालून देवापाशी बसवलं, चांदीच्या वाटीतलं दूध ओतून दिलं आणि अंगठी वर काढली. काढली, आणि तशीच हातात धरून राहिली.

चांदीच्या कोंदणात पिवळसर, आरपार दिसणारा एक थेंब होता. ना साय, ना हिरवा, ना लाल. मेळ्यात मिळणाऱ्या अंगठीतली काच जशी असते तशी.

"काच!" वडील ओरडले. "साल्यानं खडा बदलला!"

ते तसेच अनवाणी सराफ्यात निघाले, मागून मी. त्या दिवशी माझी गाडी चुकली. शेठजींनी दुकान उघडताच चष्मा लावून खडा पाहिला आणि आधी स्वतःचं अंग काढून घेतलं. "मी देल्ला तवा रंग होते, तुमीच पाह्यले. मंग तो याच्याकडं गेला." एवढं बोलून त्यांनी टपरीकडे पाहिलं. लेनमधल्या सगळ्यांनीच पाहिलं.

काका शांतपणे उठले. "घरी चला भाऊसाहेब. तिथंच पाहू."

आमच्या ओसरीत त्यांनी अंगठी जिभेला लावली. नेहमीपेक्षा जास्त वेळ डोळे मिटून ठेवले. मग डोळे उघडले आणि आतल्या दारात उभ्या असलेल्या माझ्या आईकडे एकदा पाहिलं. आईनं मान खाली घातली. हे मी पाहिलं, पण मला तेव्हा त्याचा अर्थ लागला नाही.

"खडा हाच हाय," ते म्हणाले. "पानी पेला यानं. सुकू द्या, रंग वापस येते. आठ दिवस लागन."

"पानी कुठून पेला?"

काका अंगठीकडेच पाहत म्हणाले, "हवेतून. हवेत बी वल राह्यते."

फाल्गुन संपत आला होता. तारेवर टाकलेलं लुगडं अर्ध्या तासात वाळत होतं. वडील मोठ्यानं हसले. आणि विज्ञान शिकवणारी मी, जिला हवेतली आर्द्रता तोंडपाठ होती, मनात म्हणाले की हा माणूस खोटं बोलतोय. तो खोटंच बोलत होता. पण कशासाठी, हे विचारावं असं मला सुचलं नाही.

आठ दिवसांची मुदत वडिलांनी दिली, पण अट घातली की खडा घराबाहेर जाणार नाही. काकांनी सगळ्यांसमोर कोंदण सैल करून तो सोडवला, स्वच्छ पाण्यातून काढला आणि काचेच्या बशीत कापसावर ठेवला. "ऊन नाही, दिवा नाही, पंखा नाही," त्यांनी बजावलं. "आपल्यानं सुकू द्या. घाई केली तं तडकन." बशी ओसरीच्या कोनाड्यात गेली.

सराफ्यात खडे बसवणाऱ्याचा हात लोक नंतर पाहतात, आधी त्याचा भरोसा. दुपारपर्यंत बातमी पसरली आणि संध्याकाळपर्यंत दोन सोनार काकांकडून आपापल्या पुड्या परत घेऊन गेले. तीन दिवसांत टपरीत नुसती घड्याळं राहिली, आणि घड्याळांवर त्यांचं घर चालणार नव्हतं. रंग आले नाहीत तर पांढुर्ण्यातच काय, सौंसर-छिंदवाड्यापर्यंत कुणी त्यांच्या हातात मणीसुद्धा दिला नसता. खडा बदलल्याची ओरड एकदा उठली की ती माणसाच्या आधी गावात पोचते.

ते रोज दुपारी यायचे. बशीवर वाकून पाहायचे, हात लावायचे नाहीत, आणि ओसरीच्या कडेला बसायचे. आई चहा पाठवायची. कप वेगळा असायचा, दांडी गेलेला, तो ओसरीतच फडताळात असायचा. मला तो दिसत होता आणि मी बोलत नव्हते, शाळेत मात्र समतेचा धडा अगदी आवाज चढवून शिकवत होते. लिहायला बसले आहे तर हेही लिहिते. त्यांच्या जागी शेठजींचा भाऊबंद असता, तर वडील अनवाणी धावले नसते. आधी चप्पल घातली असती, बसून विचारलं असतं.

चौथ्या दिवशी खडा पांढरा पडला. आधी निदान काच तरी वाटत होती, आता नुसता चुना. शाळेतल्या खडूचा तुकडा कापसावर ठेवावा तसा. वडिलांनी बशी काकांच्या पुढ्यात आपटली.

"हे रंग का?"

"अर्धा सुकला की असाच होते भाऊसाहेब. आतलं पानी अर्धं गेलं, अर्धं राह्यलं."

"आमाले शिकवून राहिला?"

"दगडाले कुठी..." काका नेहमीचं वाक्य म्हणायला गेले आणि मधेच थांबले. त्या दिवशी त्यांनी चहा अर्धाच घेतला.

पाचव्या दिवशी दुपारी शेठजी घरी आले. वडिलांसमोर बसून त्यांनी सांगितलं की सराफ्यातल्या चार जणांचं बोलणं झालं आहे, त्याला टपरी उचलायला सांगायची, चोर लेनमध्ये नको. वडील म्हणाले, "बराबर हाय."

"नाही बराबर."

आई दारात आली होती. परक्या पुरुषासमोर ती कधी एवढ्या पुढे यायची नाही.

"तो खडा मी बुडवला. त्या भाऊनं मले अंगठी देताना बजावून सांगतलं होतं. वहिनी, हा तहानेला हाय, जिभेले चिकटते, याले दुधाचं बोट लावा पन बुडवू नका. मी बुडवला. गुरुजीनं एक रात सांगतली होती, मी बुधवारीच बुडवला. म्हनलं दोन दिवस ठेवला तं पोरीचं लवकर जमन."

शेठजी चप्पल शोधू लागले.

"मंग आतालोग तोंड शिवलं होतं का?" वडिलांनी विचारलं.

"तुमाले भेऊन. अन् वाटलं, माह्याच हातानं पोरीचं नशीब धुऊन काढलं." आईचा आवाज फुटला, पण ती थांबली नाही. "अन् त्याले समजलं होतं. जीभ लावली तवाच दूध समजलं त्याले. तरी तुमच्यापुढं हवा म्हनला. मी उभी होती ना तिथं, म्हनून."

मी त्याच पावली टपरीवर गेले. काका एका गजराच्या घड्याळाचं पोट उघडून बसले होते. धाप लागलेल्या आवाजातच मी विचारलं, "का नाही सांगितलं?"

त्यांना कळलं. ते हातातला चिमटा फिरवत राहिले.

"सांगतलं असतं तं कोनी मानलं असतं बाई? एकीकडं तुमची आई, एकीकडं मी. अन् मानलं असतं, तं त्या माउलीले घरात सुखानं घास गिळू देल्ला असता का भाऊसाहेबानं? पोरीच्या लग्नासाठी केलं तिनं. खडा सुकनारच हाय. तो सुकला की आपोआप मिटते."

"आणि नाही सुकला तर?"

काका पुन्हा गजराच्या घड्याळावर वाकले.

आईच्या बोलण्यानं चोरीचा आळ मऊ पडला, पण गेला नाही. शेठजींचं म्हणणं, बुडवला ते ठीक, पण दुधात बुडवून पत्थराची काच होते हे कोणी ऐकलं आहे का? रंग दिसू द्या, मग बोलू. टपरी शुक्रवारपर्यंत राहिली. ते मधले दिवस आमच्या घरात सगळे चोरून कोनाड्याकडे पाहत होते. आईनं मारुतीला नवस बोलला तो माझ्या लग्नाचा नव्हता. "त्या भाऊचं नाव राहू दे," एवढंच ती पुटपुटताना मी ऐकलं.

शुक्रवारी मी स्टेशनवरून जवळजवळ पळतच आले. काका माझ्याआधी येऊन बशीसमोर बसले होते. चुना जाऊन खड्यावर साय धरली होती, आणि कडेला, मोहरीच्या दाण्याएवढा, एक हिरवा ठिपका होता. मी मान हलवली तर तो विझला. मान परत आणली तर पेटला.

"काका!"

"दिसला ना? मले वाटलं माह्याच डोळ्याले दिसून राह्यला."

वडील चष्मा घेऊन आले. बशी दारात, उजेडात नेली आणि हळूहळू फिरवली. हिरव्यामागून लाल आलं, आणि मग एकदम सगळाच खडा जागा झाला. वडिलांनी बशी जपून खाली ठेवली. चप्पल घालून बाहेर गेले आणि दहा मिनिटांत शेठजींना हाताला धरून घेऊन आले. शेठजींनी खडा उलटासुलटा पाहिला आणि घसा साफ केला.

"हाच. मी देल्ला तो हाच."

मला हसू आलं आणि रडूही आलं. आई भिंतीला टेकून खालीच बसली. आठवडाभर छातीवर ठेवलेला धोंडा कुणीतरी उचलून नेला होता, आणि तो किती जड होता हे तो गेल्यावरच समजलं.

काकांनी अंगठी पुढे ओढली, भिंग लावलं आणि चिमट्यानं खडा उचलला. तो सुटून कापसावर पडला. पुन्हा उचलला, पुन्हा पडला. तांदळाच्या कणीएवढा खडा एका दमात बसवणाऱ्या त्या हातांना तो धरवत नव्हता.

"आज नाही होत बाई," ते म्हणाले आणि भिंग काढून खाली ठेवलं. एवढे दिवस घाई कायची, घाई कायची म्हणणारा माणूस आतून किती घाबरला होता, ते मला तेव्हा कळलं.

ती अंगठी त्यांनी दुसऱ्या दिवशी बसवली. मी ती वर्षभर घातली, मग हातपंपावर जपायचा कंटाळा आला म्हणून आईला दिली. लग्न झालं ते पुढे तीन वर्षांनी, शुक्राची कसलीही मदत न घेता. काकाही त्यानंतर फार वर्षं राहिले नाहीत. टपरीच्या जागी आता बांगड्यांचं दुकान आहे. कुणी ओपलचा विषय काढला की मी संत्र्याची रास सांगते, लोकांना ती आवडते. पण काका डोळ्यांसमोर येतात ते त्याच शुक्रवारच्या दुपारचे.

शेठजी गेले आणि थोड्या वेळानं आमच्या पायरीखाली एक बाई येऊन उभी राहिली. काकांची बायको. ती कधी आमच्याकडे आली नव्हती. "हायत का इथं?" तिनं विचारलं. आईनं तिला सांगितलं, रंग आले. बाईंनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

"आठ दिवस झाले माय, यायनं धड भाकर नाही खाल्ली. झोपत बी नाही. रातभर नुसते बसून राह्यते. मले म्हनते, काई नाही, गरम होऊन राह्यलं."

आई उठली. तिनं बाईंना पायरीवरून वर घेतलं, काकांनाही ओसरीतून आत घेतलं आणि माजघरात दोघांना पाट मांडले. काका दारात घुटमळले. "वहिनी, आमी इथंच..." असं काहीतरी म्हणाले. आईनं ऐकल्यासारखं केलंच नाही. वांग्याची भाजी होती, भाकरी होती, ताक होतं. आई समोर बसून वाढत राहिली, आणि माझे वडील, ज्यांनी कधी कुणाला पाणी दिलेलं मी पाहिलं नव्हतं, तांब्या घेऊन उभे राहिले. माफ करा, असं काही ते म्हणाले नाहीत. आमच्याकडच्या पुरुषांना तो शब्द येत नाही.

जेवण झालं आणि काका भिंतीला टेकले. बायको आईशी बोलत होती, मी ताटं उचलत होते. वळून पाहिलं तर ते झोपले होते. मान एका खांद्यावर, तोंड जरासं उघडं, हात उताणे मांडीवर. आम्ही बोलणं बंद केलं.

तेवढ्यात ओसरीवरून हाक आली. पुड्या परत नेलेल्यांपैकी एक सोनार, रुमालात सगळ्या पुड्या बांधून उभा होता.

"घडीवाले हायत का इथं?"

वडील बाहेर गेले. "झोपून राह्यले ते," ते हळू आवाजात म्हणाले. "उद्या टपरीवर घेऊन या." मग आत आले, आणि ऊन काकांच्या तोंडावर येत होतं म्हणून त्यांनी दाराचा एक पट हलकेच लोटून घेतला.